टेकऑफच्या धावेत एअरस्पीडचा काटा शून्यावरच राहिला. प्रीफ्लाइटमध्ये काय बघायचं राहून गेलं?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात सेस्ना 172 वर शिकताय, जूनच्या पहिल्या पावसानंतर विमान तीन दिवस उभं होतं, आणि टेकऑफच्या धावेत एअरस्पीडचा काटा हललाच नाही. सरांनी थ्रॉटल मागे घेतला आणि विमान थांबवलं. चेकलिस्ट पूर्ण केली होती, मग चुकलं कुठे?

आधी एक सांगतो: सरांचा निर्णय अगदी योग्य होता. का, ते पुढे येईलच.

माझा पहिला संशय कुंभारणीवर, म्हणजे खिडकीच्या चौकटीत मातीचं घरटं करणाऱ्या गांधीलमाशीवर. मे महिन्यात आपली काळी माती दगडासारखी असते. पहिला पाऊस पडला की तिला चिखल मिळतो, आणि डाव्या पंखाखालच्या पिटो ट्यूबचं, म्हणजे समोरच्या हवेचा दाब एअरस्पीडच्या काट्याला पोचवणाऱ्या नळीचं, तोंड तिच्या घरट्याला अगदी बेताच्या मापाचं असतं. कव्हर काही तास काढून ठेवलं किंवा ते सैल असलं तरी पुरे. चेकलिस्टमध्ये 'कव्हर काढलं' यावर खूण होते आणि भोकात कुणी डोकावत नाही. समोर वाका, टॉर्च थोडी तिरकी धरा आणि आत बघा. ओली माती सावलीसारखीच दिसते, त्यामुळे टॉर्चशिवाय बघणं म्हणजे न बघणंच. पाणी निघून जाण्याचं बारीक ड्रेन होल मोकळं आहे का, तेही त्याच वेळी बघा.

माती दिसली तर तोंडाने फुंकू नका, तारही घालू नका. फुंकेच्या दाबाने इंडिकेटरमधली नाजूक डबी बिघडते आणि तारेने बोळा आणखी आत जातो. टेक लॉगमध्ये स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहा. एएमई (विमानाची देखभाल करणारे इंजिनिअर) इंडिकेटरकडून नळी सोडवून आतून बाहेर हवा मारतील आणि जोडल्यावर गळती तपासतील.

ही माशी पिटोवरच थांबत नाही. डाव्या स्ट्रटमागची टाकीची व्हेंट नळी आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवरचं स्टॉल वॉर्निंगचं (स्टॉल, म्हणजे वेग घटून पंखांची उचल तुटण्याआधी भोंगा वाजवणारं) छिद्र, दोन्ही तिला चालतात. व्हेंट बंद झाली तर इंधन इंजिनपर्यंत पोचायला अडथळा येऊ शकतो. स्टॉल वॉर्निंगच्या छिद्रावर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढा, भोंगा वाजला पाहिजे.

आता काटा काय दाखवतो ते. पिटोचं तोंड बंद पण ड्रेन मोकळा असेल तर आतला दाब निघून जातो आणि काटा शून्यावर राहतो. खरा धोका दोन्ही बंद असतात तेव्हा. मग जमिनीवरचा दाब नळीत अडकतो. धावेत काटा शून्यावर, पण वर चढताना बाहेरचा स्टॅटिक दाब, म्हणजे आसपासच्या हवेचा दाब, उतरतो आणि त्या फरकाला इंडिकेटर वेग समजतो. हिशेब करून बघा: 200 फूट चढलात की सुमारे 65 नॉट, 1,000 फुटांवर सुमारे 145 नॉट. म्हणजे उड्डाणानंतर काटा 'जिवंत' झालेला दिसतो, चढताना वाढतच जातो, आणि शिकाऊ वैमानिक वेग कमी करायला नाक आणखी वर उचलतो. पुढचं पाऊल स्टॉल.

6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेल्या बिर्गेनएअरच्या बोइंग 757 चं हेच झालं. धावेतच कॅप्टनचा एअरस्पीड चालत नसल्याचं लक्षात आलं होतं, तरी उड्डाण पुढे नेलं, आणि 189 जण गेले. चौकशीत पिटो ट्यूब बंद असल्याचा, बहुधा माशीच्या घरट्याने, निष्कर्ष निघाला.

स्टॅटिक पोर्ट, म्हणजे तो बाहेरचा दाब घेणारं छिद्र, बंद असेल तर लक्षणं वेगळी: अल्टिमीटर गोठतो, व्हर्टिकल स्पीड शून्य, आणि एअरस्पीड चढताना खऱ्यापेक्षा कमी, उतरताना जास्त दाखवतो. विमान धुतल्यावर पोर्टवर राहिलेली टेप हे नेहमीचं कारण. अल्टरनेट स्टॅटिकचा नॉब ओढला की केबिनमधला दाब मिळतो. तो थोडा कमी असल्याने उंची आणि वेग दोन्ही किंचित जास्त दिसतात. किती, ते मॅन्युअलमधल्या तक्त्यात दिलेलं असतं.

जमिनीवर एक सोपी तपासणी म्हणजे क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला त्या वेळचा हवेचा दाब) लावून अल्टिमीटर विमानतळाच्या छापील उंचीशी ताडणं. फरक 60 फुटांच्या आत हवा. एक हेक्टोपास्कल चुकला की 27-28 फूट चुकतात, त्यामुळे आधी क्यूएनएच पुन्हा ऐका.

काही जायरो यंत्रं फिरवणाऱ्या व्हॅक्यूमचं थोडक्यात: रनअपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन चाचणीत, सक्शन साधारण 4.5 ते 5.5 इंच (पाऱ्याचे). ते नसेल तर अॅटिट्यूड आणि हेडिंग इंडिकेटर विश्वासाचे नाहीत. टर्न को-ऑर्डिनेटर विजेवर चालतो, म्हणून टॅक्सीत वळताना तिन्हींची एकमेकांशी तुलना करा. बऱ्याच नव्या 172 मध्ये काचेचं पॅनल असतं, तिथे हा भाग बदलतो.

पण प्रीफ्लाइट कितीही नीट केली तरी शेवटची तपासणी धावपट्टीवरच होते. 172 चा काटा 40 नॉटपासून बोलतो आणि 55 ला नाक उचलायचं असतं. मधे जेमतेम पाच सेकंद. त्यात विचार होत नाही, म्हणून आधी ठरवा. 40 नॉटपर्यंत पोचायला 55 पर्यंतच्या धावेतलं साधारण निम्मं अंतर लागतं. चार्टवरून त्या दिवसाची धाव काढा, तिच्या निम्म्यावरची एखादी खूण हेरा आणि सरांना मोठ्याने सांगा: 'इथे काटा उठला नाही तर थ्रॉटल मागे.' मे महिन्यात हे अंतर लांबतं. समुद्रसपाटीपासून आठशे फुटांच्या आसपास उंची असलेल्या धावपट्टीवर 43 अंशांत घनता-उंची, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, 4,300 फुटांच्या घरात जाते, त्यामुळे हिवाळ्यातली खूण तेव्हा चालणार नाही.

हवेत असताना लक्षात आलं तर काटा विसरा. चढताना पूर्ण थ्रॉटल आणि नेहमीची नाकाची स्थिती ठेवा. सपाट उड्डाणात तुमच्या विमानाला ज्या आरपीएमवर जो वेग मिळतो तो चांगल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा, फ्लॅप्ससह अॅप्रोचचाही. जीपीएसचा वेग जमिनीच्या मानाने असतो, वारा वजा-जमा करा. स्टॉलचा भोंगा पिटोवर अवलंबून नाही, तो वाजला तर एअरस्पीड काहीही म्हणो, नाक खाली. रेडिओवर अडचण सांगा, मोठं सर्किट घ्या आणि फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, वेग किंचित जास्तच ठेवा.