जटांची मुळं सुटी दिसली म्हणून घाबरू नको

भावा, जटा (ड्रेडलॉक्स) ठेवल्या तरी केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतात, त्यामुळं मुळाशी तेवढा भाग मोकळा दिसणारच. सहा-आठ आठवड्यांनी एकदा तो मोकळा भाग वळलास तरी बास. सारखं ओढून पिळलं की मूळ बारीक होतं आणि तिथले केस कायमचे जाऊ शकतात, एवढं मात्र लक्षात ठेव. 0.5 किंवा 0.75 मिमीची क्रोशाची सुई घे, सुटा केस हळूच आत ओढ. मेण अजिबात नको, आतनं निघतच नाय. सोलापूरचा मे म्हणजे 40 च्या वर पारा, घाम येतोच, मग बिनधास्त धू, पण सकाळीच, टॉवेलनं दाबून पाणी काढ आणि पार आतपर्यंत वाळू दे, ओल्या जटा बांधून झोपलास की कुबट वास धरतात. शेजारच्या दोन जटा मुळाशी एकमेकींना चिकटल्या तर धुतल्यावर लगेच बोटानं वेगळ्या कर.