क्लॅनचे सभासद म्हणजे 'गावगुंड' का?

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या वर्णद्वेष्ट्या संघटनांवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात कू क्लक्स क्लॅनच्या गावपातळीवरच्या सभासदांसाठी अनुवादक बाईंनी 'गावगुंड' हा शब्द योजला. सहकाऱ्यांना तो पटला नाही. मूळ इंग्रजी लेखात 'रेडनेक' (खेडवळ गोऱ्यांना हिणवणारा शब्द) असल्यामुळे 'गावंढळ गोरे' म्हणावं, असं त्यांचं मत. यातला कोणता शब्द घ्यावा? शिवाय 'वर्णद्वेष' आणि 'वंशद्वेष' यांत फरक करावा का?

माझ्या मते पहिले दोन्ही शब्द नकोत. त्याची कारणं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे चुकीचा शब्द पडला तर हे लोक कोण होते हेच उलटं कळतं.

आधी 'गावगुंड'. मराठीत गावगुंड म्हणजे गावात राहून गावाला डोईजड झालेला माणूस. दांडगाई करणारा, जत्रेत धक्काबुक्की करणारा, ज्याच्या दारावरून जाताना लोक पावलं उचलतात असा. गाव त्याला भितं, पण मानत नाही. लग्नाच्या बैठकीत त्याला पुढे बसवत नाहीत आणि आपली मुलगीही त्याच्या घरी देत नाहीत. गावातली मान्यता आणि गावगुंडी या दोन गोष्टी मराठी माणसाच्या मनात एकत्र नांदत नाहीत. क्लॅनमध्ये मात्र नेमक्या त्याच एकत्र नांदल्या.

सुरुवातच बघा. टेनेसी राज्यातल्या पुलास्की या लहानशा गावात १८६५च्या अखेरीस सहा तरुणांनी ही संघटना काढली. सहाही जण यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या सैन्यातले माजी अधिकारी, बऱ्या घरचे, शिकलेले. नाव ठेवताना त्यांनी ग्रीक भाषेतला 'कुक्लोस' म्हणजे वर्तुळ हा शब्द घेतला आणि त्याला 'क्लॅन' जोडला. (हा 'कुक्लोस' आपल्या 'चक्र' शब्दाचा सख्खा नातलग आहे; दोन्ही एकाच प्राचीन मुळातून आले. 'क्लॅन' म्हणजे स्कॉटिश डोंगराळ भागातलं कूळ, आपली भावकी.) ज्यांनी महाविद्यालयात ग्रीक गिरवलं होतं त्यांनाच असलं नाव सुचणार.

पुढे ही संघटना दक्षिणेत पसरली आणि नुकतेच गुलामीतून सुटलेले लोक तिचे बळी ठरू लागले. दक्षिण कॅरोलायनातल्या यॉर्क परगण्यातली एक घटना सांगतो. जिम विल्यम्स हा पूर्वी गुलाम होता. पळून जाऊन तो उत्तरेच्या सैन्यात लढला आणि युद्धानंतर परत येऊन कृष्णवर्णीयांच्या स्थानिक स्वयंसेवक पथकाचा कप्तान झाला. मार्च १८७१मध्ये एका रात्री घोड्यावरून आलेल्या क्लॅनच्या माणसांनी त्याला घरातून ओढून नेलं आणि झाडाला फाशी दिलं. त्या जमावाचा म्होरक्या होता रूफस ब्रॅटन, यॉर्कमधला नावाजलेला डॉक्टर. ज्याच्या दवाखान्यात गाव औषधाला जात होतं, तोच रात्री तोंड झाकून दोर घेऊन निघाला. अशा माणसाला 'गावगुंड' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे भलताच इसम उभा राहतो आणि डॉक्टर सुटतो. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलायनातल्या नऊ परगण्यांत सैन्याच्या बळावर धरपकड केली. तेव्हा ब्रॅटन कॅनडात पळाला, आणि काही वर्षांनी यॉर्कला परतून त्याने पुन्हा डॉक्टरकी सुरू केली. गावाने त्याला पुन्हा जागा दिली, हे मला सगळ्यांत भयंकर वाटतं.

इथे आपल्याकडची एक आठवण अपरिहार्य आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं त्यांना. विल्यम्सच्या खुनाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. जोतीरावांनी विशेषण किती नेमकं निवडलं होतं! कारण क्लॅनवाल्यांचा दावाही सदाचाराचाच होता.

आणि हा दावा सगळ्यांत ठळक दिसतो तो क्लॅनच्या दुसऱ्या अवतारात. तुमचा लेख बहुधा त्याबद्दलच असावा. १९१५ साली विल्यम सिमन्स याने जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर क्रूस पेटवून संघटना पुन्हा उभी केली. पहिली काही वर्षं ती रांगत होती. १९२०मध्ये एडवर्ड क्लार्क आणि एलिझाबेथ टायलर या जाहिरातीच्या धंद्यातल्या जोडगोळीने सूत्रं हाती घेतली आणि सभासद भरती हाच एक धंदा करून टाकला. वर्गणी दहा डॉलर. त्यातले चार डॉलर सभासद आणणाऱ्याच्या खिशात. हा भरती करणारा नव्या गावात आला की आधी कुणाकडे जायचा? गुत्त्यावर नव्हे, तर प्रॉटेस्टंट पाद्र्याकडे. पाद्र्यांना वर्गणी माफ होती. नंतर दुकानदार, वकील, शिक्षक, शेरीफ म्हणजे परगण्याचा पोलीस प्रमुख. डॅलसचा हायरम इव्हान्स १९२२पासून या साऱ्या पसाऱ्याचा सर्वोच्च प्रमुख झाला. तो व्यवसायाने दंतवैद्य होता.

चर्चमधला एक प्रकार त्या काळी गावोगाव घडला. रविवारची प्रार्थना रंगात आलेली असताना मागचं दार उघडायचं. पांढरे झगे आणि टोकदार टोप्या घातलेली माणसं एका रांगेत मधल्या वाटेनं पुढे यायची, पाद्र्याच्या हातात पैशांचं पाकीट ठेवायची आणि आली तशी निघून जायची. बाकावर बसलेल्यांना झग्याखालचे बूट ओळखू येत असणारच. गाव ते केवढं! पुढच्या सोमवारी त्याच माणसांकडून त्यांना पीठ, खिळे, औषध घ्यायचं होतं.

इंडियाना राज्यात तर १९२०च्या दशकाच्या मध्याला तिथेच जन्मलेल्या गोऱ्या पुरुषांपैकी पाव ते एक तृतीयांश क्लॅनमध्ये होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १९२४ साली क्लॅनच्या पाठिंब्याचा माणूस तिथे गव्हर्नर म्हणून निवडून आला. इतक्या लोकांना 'गुंड' म्हणायचं तर त्यांना भिणारं गाव उरतं कुठे? नोबल्सव्हिल या गावी १९९५ साली एका कोठारात जुनी ट्रंक सापडली, तीत त्या काळच्या स्थानिक सभासदांच्या नोंदी होत्या. सत्तर वर्षं लोटली होती, तरी ती नावं जाहीर करावीत की नाही, हा प्रश्न गावापुढे उभा राहिला. आडनावं अजून तिथलीच होती ना!

'गावगुंड'विरुद्धचं सर्वांत पक्कं कारण तर खुद्द क्लॅनच्या प्रचारातच आहे. चोरून दारू गाळणारे, जुगारी, बाहेरख्याली माणसं यांचा आम्ही बंदोबस्त करतो, असं क्लॅन उघड सांगत असे. म्हणजे गावगुंडांपासून गावाला वाचवणारे आम्ही, हीच त्यांची जाहिरात होती, आणि लोक तिला भुलले. ती किती पोकळ होती ते १९२५ साली कळलं. इंडियानातला क्लॅनचा मुख्य नेता डी. सी. स्टीफनसन एका तरुणीवरच्या पाशवी अत्याचाराच्या आणि तिच्या मृत्यूच्या प्रकरणात खुनाचा दोषी ठरला, जन्मठेपेवर गेला आणि तिथली संघटना बघता बघता ओसरली. हा खटला त्याच नोबल्सव्हिलच्या न्यायालयात चालला होता.

शिवाय 'गावगुंड' हा शब्द पुरुषवाचक आहे. स्त्रियांची वेगळी क्लॅन १९२३ साली आर्कान्सामध्ये स्थापन झाली आणि देशभर तिच्यात सुमारे पाच लाख स्त्रिया होत्या असं मानतात. सहली, भोजनं, गरजूंना मदत, आणि त्याच्याच जोडीनं कॅथलिक किंवा ज्यू दुकानदारावर बहिष्कार घालण्यासाठी घरोघर कुजबुज. हे काम बायकांनी फार परिणामकारक केलं. तुमच्या शब्दात त्या मावल्या पाहिजेत.

आता 'गावंढळ'. 'रेडनेक'चा शब्दशः अर्थ उन्हात राबून मान लाल झालेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिसिसिपीत हा शब्द गरीब गोऱ्या शेतकऱ्यांना हिणवण्यासाठी वापरात होता. १९२१मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लेअर माउंटनला हजारो खाणकामगार मालकांच्या हत्यारबंद माणसांशी लढले, तेव्हा त्यांनी गळ्यात लाल रुमाल बांधले होते आणि त्यांनाही 'रेडनेक' म्हटलं गेलं. त्या लढ्यात गोरे, कृष्णवर्णीय आणि परदेशातून आलेले कामगार एकत्र होते. म्हणजे ज्या शब्दाचं भाषांतर आपण 'अडाणी वर्णद्वेष्टा' असं करायला निघालो, तो एकदा रंगाची भिंत ओलांडून खांद्याला खांदा लावणाऱ्यांनाही चिकटला होता. आपला 'गावंढळ' तर त्याहून सैल. त्यात बोलीची, कपड्यांची, जेवायच्या पद्धतीची टिंगल आहे. द्वेषाचा त्यात काही संबंध नाही. 'गावंढळ गोरे' लिहिलं की वाचक म्हणतो, शिकले असते तर असं वागले नसते. शिकागो, डेट्रॉइट, डेन्व्हर अशा शहरांतही क्लॅनचे हजारो सभासद होते, हे त्याला मग कुठून कळणार?

उलट, पुढच्या काळात वंशद्वेष्ट्या संघटनांनी खेड्यांत तळ उभारले, त्यांचे चालक बरेचदा बाहेरून आलेले शिकलेले लोक होते. आयडाहोत हेडन लेकजवळ वीस एकरांवर 'आर्यन नेशन्स' या नवनाझी संघटनेचा तळ उभारणारा रिचर्ड बटलर कॅलिफोर्नियात विमानांच्या कारखान्यात इंजिनियर होता. वेस्ट व्हर्जिनियातल्या मिल पॉइंटला १९८५मध्ये जमीन घेऊन बसलेला विल्यम पियर्स, 'नॅशनल अलायन्स' या तशाच संघटनेचा नेता, हा भौतिकशास्त्राचा डॉक्टरेट मिळवलेला माजी प्राध्यापक. स्वस्त जमीन, विरळ वस्ती आणि जवळपास सगळे गोरे, एवढ्यासाठी त्यांनी खेडं निवडलं. बटलरच्याच परगण्यातल्या लोकांनी १९८१मध्येच त्याच्याविरुद्ध नागरिक समिती उभी केली होती. २०००मध्ये त्याच्या पहारेकऱ्यांनी केलेल्या गोळीबाराच्या खटल्यात ज्यूरीने ६३ लाख डॉलरची भरपाई ठोठावली आणि तो तळ गेला. त्या समितीतली माणसंही आयडाहोतल्या लहान गावांतलीच होती. 'गावंढळ' म्हणताना आपण त्यांनाही त्यात ओढतो.

खेड्यातला अडलेला शेतकरी यात कधीच नव्हता, असं मात्र मी म्हणत नाही. १९८०च्या दशकात व्याजाचे दर चढले, आयोवात १९८१ ते १९८६ या काळात जमिनीचे भाव साठ टक्क्यांहून जास्त कोसळले, जप्ती आणि लिलाव रोजचे झाले. तेव्हा 'पॉसी कॉमिटाटस' नावाची संघटना शेतकऱ्यांच्या बैठकांतून फिरत होती. तुमचं कर्ज म्हणजे ज्यू सावकारांचा कट आहे आणि परगण्याच्या शेरीफवर कुणाचीच सत्ता नाही, असं ती सांगत असे. नॉर्थ डकोटातला गॉर्डन काल हा शेतकरी, दुसऱ्या महायुद्धात लढलेला, तिच्या नादी लागला. कर न भरण्यावरून तो आधी तुरुंगात जाऊन आला होता. १९८३मध्ये मेडिना गावाजवळ त्याला पकडायला आलेले दोन मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस अधिकारी, चकमकीत ठार झाले. पण कर्जात बुडालेले शेतकरी लाखांच्या घरात होते आणि त्या वाटेला गेलेले अगदी थोडे. दारिद्र्य हे कारण म्हणून पुरत नाही. कॅथलीन ब्ली या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात अशा संघटनांतल्या ३४ स्त्रियांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या, तेव्हा बहुतेक जणी गरीब किंवा अशिक्षित निघाल्या नाहीत. त्या आल्या ओळखीपाळखीतून, कुणा मैत्रिणीच्या नाहीतर नातेवाइकाच्या बोटाला धरून. कडवा द्वेष बऱ्याच जणी आत आल्यावर शिकल्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. 'वर्णद्वेष' हा शब्द दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमुळे मराठीत चांगला रुळला आहे आणि १८६५च्या क्लॅनला तो बरोबर बसतो, कारण तिथे लक्ष्य कृष्णवर्णीय होते. १९२०च्या क्लॅनला तो अपुरा पडतो. ज्यू, इटालियन, आयरिश हे कातडीच्या रंगाने गोरेच. तरी क्लॅन त्यांच्यावर उठली होती. तिथे 'वंशद्वेष' जवळचा. पण कॅथलिकांचा द्वेष त्यातही येत नाही, तो धर्मपंथाचा. म्हणून लेखात पहिल्यांदा उल्लेख येईल तेव्हा लांब वाटलं तरी स्पष्ट लिहा : 'कृष्णवर्णीय, ज्यू, कॅथलिक आणि परदेशातून येऊन स्थायिक झालेले लोक यांचा द्वेष करणारी संघटना'. त्यानंतर 'वंशद्वेष्टी संघटना' चालेल. आणि 'आर्यन नेशन्स' हे नाव तसंच ठेवा. 'आर्य राष्ट्रे' केलंत तर मराठी वाचकाच्या मनात आर्यसमाजापासून शाळेच्या इतिहासापर्यंत भलभलत्या गोष्टी जाग्या होतील.

आता तुम्ही पाठवलेलं वाक्य : 'इंडियानाच्या खेड्यांतले गावगुंड मोठ्या संख्येने क्लॅनमध्ये सामील झाले.' मी ते असं करीन : 'इंडियानाच्या गावागावांतून चारचौघांत उठबस असलेली माणसं, दुकानदार, पाद्री, डॉक्टर, शिक्षक आणि त्यांच्या घरच्या बायका, मोठ्या संख्येने क्लॅनच्या सभासद झाल्या.' जिथे जागा कमी असेल तिथे नुसतं 'प्रतिष्ठित गावकरी' लिहा. 'सभासद' हा शब्द शेवटपर्यंत टिकवा. तो स्त्रीपुरुष दोघांना लागतो आणि वर्गणी भरून, नाव नोंदवून, शपथ घेऊन ही माणसं आत गेली होती, हे त्यातून दिसतं. 'टोळी' आणि 'टोळकं' इथेही टाळा. घोड्यावरून रात्री निघालेल्या जमावापुरतं 'टोळी' चालेल, तेवढंच. 'रेडनेक' मात्र एखाद्या पात्राच्या तोंडी आला असेल तर देवनागरीत तसाच ठेवा आणि तळटीप द्या. तो बोलणाऱ्याच्या मनातली तुच्छता दाखवतो. लेखकाच्या स्वतःच्या निवेदनात आला असेल, तर मूळ लेखकाला तिथे शेतकरी म्हणायचं आहे, गरीब म्हणायचं आहे, की वंशद्वेष्टा म्हणायचं आहे, ते त्या त्या परिच्छेदावरून ठरवा आणि तोच शब्द वापरा.