सोळा बोअरची दुनळी घेताना

मुरबाडच्या वाड्यातली सोळा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, तुला मिळतेय, हेवाच वाटला. पण आधी कागद. परवाना तुझ्या नावावर होईपर्यंत ती ठाण्याच्या घरी आणू नकोस. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, तेही बघ.

मग नळ्या. जुन्या युरोपीय सोळा बोअरचं चेंबर (काडतूस बसतं ती नळीतली जागा) बऱ्याचदा 65 मिलिमीटरचं असतं, आजचं काडतूस 70 चं. ते आत आरामात बसतं, तिथेच फसगत होते: उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. चेंबर मोजून घे. दमास्कस नळी, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी, निघाली (लाटांची नक्षी दिसते) तर प्रूफचे शिक्के (नळीची दाबाची चाचणी झाल्याच्या खुणा) जाणकाराने वाचल्याशिवाय बार काढायचाच नाही.

चकाकीच्या नादात पॉलिश पेपर मारू नकोस, शिक्के पुसले की बंदुकीची ओळख गेली. गरम ब्लूइंग (पोलादाला निळा-काळा रंग चढवणं) तर मुळीच नको. त्या खाऱ्या द्रावणात दोन नळ्या जोडणारं डाख सुटतं. सावकाश गंज चढवून होणारं रस्ट ब्लूइंगच, तेही परवानाधारक कारागिराकडून. लाकडी दस्त्याला जवसाच्या तेलाचा पातळ हात.

शिकार कायद्याने बंद आहे, नेमबाजीच्या रेंजवर उडत्या तबकड्या फोड. आणि हो, सोळा बोअरची काडतुसं बारा बोअरइतकी सहज मिळत नाहीत. व्यवहाराआधीच दुकानात विचार.