दाजीपूरच्या ओढ्यात वाळूचं घर करून राहणारी अळी सापडली. ही नवीन प्रजाती असेल का?

तुमचा प्रश्न असा, की दाजीपूरजवळच्या ओढ्यात दगडाच्या पोटाला बारीक वाळूची नळी करून राहणारी अळी दिसली, फोटो दाखवूनही कुणी नाव सांगू शकलं नाही, मग ती नवीन असेल का आणि तिला नाव कसं देतात. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवतो. गेली काही वर्षं पाऊस ओसरला की गगनबावडा नाहीतर आंबा घाटाकडच्या ओढ्यांवरच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अळी कॅडिसफ्लायची आहे. मराठीत हिला सर्वांना ठाऊक असलेलं नाव नाही. पतंग-फुलपाखरांच्या अगदी जवळच्या नात्यातला हा कीटक. त्यांच्या पंखांवर खवले असतात, याच्या पंखांवर केस. अळी खालच्या ओठातून रेशीम सोडते आणि त्यानं वाळूचे कण एकेक करून चिकटवते. जगात १६,००० हून जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत, भारतातल्याच हजाराच्या वर आहेत.

पण कुणाला ओळखता आली नाही, एवढ्यावर ती नवीन ठरत नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्रजातींची वर्णनं प्रौढ नरावरून झालेली आहेत आणि त्यांच्या अळ्या कशा दिसतात हे कुणी लिहिलेलंच नाही. घरावरही विसंबू नका. लेपिडोस्टोमा या वंशातल्या कितीतरी अळ्या लहानपणी वाळूची नळी करतात आणि मोठ्या झाल्या की पानांचे चौकोनी तुकडे कापून त्यांचं घर बांधतात. हेलिकोसायके नावाचा वंश तर वाळूचा शंख करतो. १८३४ साली आयझॅक ली या अमेरिकी अभ्यासकानं असं घर खरोखरीची गोगलगाय समजून तिला गोगलगायीचं नावही देऊन टाकलं होतं!

तेव्हा प्रौढ नर हवा. दिवस मावळला की ओढ्याच्या काठाला अतिनील दिवा लावायचा आणि खाली पांढऱ्या ताटात अल्कोहोल ठेवायचं. चांदणं नसलेली, वारा पडलेली संध्याकाळ असेल तर पहिल्या दोन तासांत ताट भरतं. बाहेरून बहुतेक सगळे सारखेच, तपकिरी आणि लांब मिशांचे. फरक असतो तो नराच्या पोटाच्या शेवटच्या टोकाला, जननेंद्रियांच्या रचनेत. ते टोक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात ठेवलं की स्नायू विरघळतात आणि कठीण भाग तेवढे उरतात. मग ग्लिसरिनमध्ये ठेवून बाजूनं, वरून आणि खालून चित्रं काढायची. फोटोपेक्षा चित्र इथं जास्त कामाचं, कारण काढताना प्रत्येक काटा कुठून फुटतो हे बघावंच लागतं. माझा या कामातला सर्वांत आवडता वेळ हाच.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. त्या वंशाच्या आजवर नाव मिळालेल्या सगळ्या प्रजातींची चित्रं समोर ठेवून एकेक बाद करत जायचं. कॅडिसफ्लायचे अभ्यासक मार्टिन मोझली यांनी १९३० च्या दशकापासून मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या जर्नलमध्ये लिहिलेले लेख आणि फर्नांड श्मिड यांनी भारतभर फिरून केलेली शेकडो वर्णनं पाहिल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. आम्ही एक नर घेऊन आठ महिने बसलो होतो. नवीन म्हणायची तयारी झाली होती, आणि जुन्या लेखातल्या एका चित्रात तोच निघाला, नीलगिरीकडचा. वाईट वाटलं, पण तो इतक्या उत्तरेला राहतो हे तरी त्यातून कळलं.

तुमच्या अळीचं नातं प्रौढाशी जुळवायचं असेल तर कोष शोधा. कोषात जाण्याआधी अळी घराची तोंडं बंद करून ते दगडाला पक्कं चिकटवते. आत तिच्या जुन्या कातडीचे तुकडे बऱ्याचदा मागं साचलेले असतात, आणि कोष पिकलेला असला तर त्यातच नराची जननेंद्रियं तयार झालेली दिसतात. एकाच घरात अळी आणि प्रौढ दोघांचा पुरावा! हल्ली डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरूनही ही जोडी लावतात.

आणि चिठ्ठी. गाव, तालुका, ओढा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव हे सगळं पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाकायचं. माझ्या पहिल्या हंगामाच्या चिठ्ठ्या बॉलपेननं लिहिलेल्या होत्या, शाई अल्कोहोलमध्ये उतरली. त्यातल्या एका बाटलीतला नर आजही मला वेगळा वाटतो, पण तो कुठल्या ओढ्याचा हे सांगता येत नाही, म्हणून त्याच्यावर एक ओळही लिहिता येत नाही.

सगळं पार पडलं तर एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून ठरवावा लागतो, त्या नावाचा कायमचा पुरावा. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना सरकारनं नेमलेल्या संग्रहाकडे द्यावा लागतो. प्राण्यांसाठी ते काम भारतीय प्राणी सर्वेक्षण करतं, त्यांचं केंद्र पुण्यातही आहे. वर्णन शास्त्रीय नियतकालिकात छापलं गेलं की मगच नाव धरलं जातं. नाव गावावरून, नदीवरून, रूपावरून किंवा एखाद्या व्यक्तीवरून देता येतं. स्वतःचं नाव देऊ नये, असा संकेत आहे.

हे सगळं करावं का? माझं मत, करावं. पंचगंगा घाटाजवळचे दगड मी उलटून पाहिलेत आणि राधानगरीच्या वरचेही. वर एका दगडाखाली चार-पाच तऱ्हेची घरं मिळतात, खाली शोधत बसावं लागतं. बहुतेक कॅडिसफ्लायना स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं. ज्या ओढ्यात काय राहत होतं हे लिहूनच ठेवलं नाही, तिथं काय गेलं हे कुणाला सांगणार?

एक मात्र पाळा. दाजीपूर अभयारण्यात येतं, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथून अळीसुद्धा उचलायची नाही. तोवर दिसलेल्या जागीच डोक्याचे आणि छातीवरच्या कठीण पाट्यांचे जवळून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरा, दगड होता तसाच ठेवा आणि जागेची नोंद त्याच दिवशी वहीत करा. ते फोटो इथं टाकलेत तर कुळापर्यंत नक्की सांगायचा प्रयत्न करतो.