बेताच्या पैशांत गेमिंगचा संगणक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी भुसावळला राहतो आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. सुटे भाग आणून गेमिंगचा संगणक स्वतः जोडावा, असे मनात आहे. मॉनिटर धरून ६० हजार रुपयांपर्यंतच्या खर्चाला घरच्यांनी होकार दिला आहे. एका दुकानदाराने कोर आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबीची एकच रॅम, ४ जीबीचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत येणारा '५०० वॅट'चा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) असे कोटेशन दिले आहे. ते स्वीकारावे का? उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते. त्यासाठी काही वेगळे करावे लागेल का?

उत्तर : हे कोटेशन आहे तसे मुळीच स्वीकारू नये. त्यात पैसा नको तिथे गेला आहे आणि हवा तिथे कमी पडला आहे. 'आय-सेव्हन' हे नाव २००८ पासून चालत आलेले आहे, त्यामुळे पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घेतल्याशिवाय त्या नावावरून काहीच कळत नाही. गेम किती सुरळीत चालेल हे बहुतांशी ग्राफिक्स कार्डावर ठरते, म्हणून मॉनिटर वगळून उरलेल्या रकमेचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग कार्डासाठी राखून ठेवावा. आजचे अनेक मोठे गेम ४ जीबीत अडखळतात. त्यापेक्षा आरएक्स ६६०० किंवा त्या पातळीचे ८ जीबीचे कार्ड फुल एचडी मॉनिटरवर समाधानकारक काम देते. त्याच्या जोडीला सहा कोअरचा रायझन ५ ५६०० पुरेसा आहे आणि त्याच्या खोक्यात कूलरही येतो. या प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नाही, तेव्हा कार्ड बसवल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही, हे लक्षात ठेवावे. कार्ड सहा महिन्यांनी घ्यायचे ठरले, तर स्वतःचे ग्राफिक्स असलेला ५६००जी प्रोसेसर घेऊन सुरुवात करता येते. मात्र त्याची कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) निम्मी असल्याने पुढे कार्ड लावल्यावर तो ५६०० पेक्षा थोडा मागे पडतो.

रॅम १६ जीबीच घ्यावी, पण ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत, म्हणजे रॅमचे दोन्ही चॅनेल (माहितीची ने-आण करणारे मार्ग) वापरले जातात. जोडणी झाल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारे सेटिंग, सुरू करावे, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानेच चालत राहते. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डालाच लावावी.

आता एसएमपीएसविषयी सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात संगणक टिकणे त्याच्यावरच अवलंबून असते. दुकानात गेल्यावर तो हातात घेऊन त्याच्या बाजूचे लेबल वाचावे. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून १२ ने गुणावे. तिथे १८ अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि कार्ड यांना मिळणारी शक्ती जेमतेम २१६ वॅट होते, मग खोक्यावर ५०० लिहिलेले असो वा ६००. वर सुचवलेले कार्ड सुमारे १३० वॅट आणि प्रोसेसर सुमारे ७५ वॅट ओढतो. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याच्या) प्रमाणपत्राचा ५०० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस हा भार शांतपणे पेलतो. त्याच लेबलवर इनपुट '१००-२४०' व्होल्ट असल्यास तो घ्यावा. संध्याकाळी पडणारे व्होल्टेज तो बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. वीज अचानक जाण्यासाठी यूपीएस लागेलच. ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसची क्षमता मोजण्याचे एकक) यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो आणि खेळ चालू असताना मॉनिटरसह तो काठावर येतो, म्हणून १००० व्हीएचा पाहावा. या सगळ्याआधी वायरमनला बोलावून घरातले अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर अर्थिंग नीट नाही असे समजावे आणि ते दुरुस्त होईपर्यंत संगणक वापरू नये.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. खोलीचे तापमान १५ अंशांनी वाढले, की आतल्या भागांचे तापमानही जवळपास तेवढेच वाढते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. म्हणून समोर सलग काच असलेले दिखाऊ कॅबिनेट टाळावे. समोर जाळी आणि पुढे-मागे मिळून किमान दोन पंखे असलेले घ्यावे. रंगीत दिव्यांवरचे पैसे पंख्यांवर खर्च करावेत. खोलीत वाळ्याचा कूलर असेल, तर त्याचा दमट झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. घर जिनिंगजवळ असेल, तर कापसाचे बारीक तंतू जाळीवर बसून हवा अडवतात. अशा घरी हंगामात दर पंधरवड्याला संगणक बंद करून, प्लग काढून, जाळी ब्रशने साफ करावी.

प्रश्न : धुळ्यात एकाकडे जुने ग्राफिक्स कार्ड निम्म्या किमतीत मिळते आहे. घ्यावे का?

उत्तर : विक्रेत्याच्या घरी, त्याच्याच संगणकावर, आपल्यासमोर अर्धा तास गेम चालवून दाखवण्याची त्याची तयारी असेल तरच विचार करावा. तेवढ्या वेळात पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का, पंखे खरखरतात का आणि तापमान कुठे स्थिरावते, हे पाहावे. स्क्रूवरचे स्टिकर फाटलेले असेल, तर कार्ड उघडले गेले आहे का, हे विचारावे. मूळ बिल मागावे, कारण वॉरंटीचा काळ बहुधा त्यावरच्या तारखेपासून मोजतात, आणि बिलावरचा सीरियल नंबर कार्डावरच्या स्टिकरशी जुळतो का, ते पैसे देण्यापूर्वी ताडून पाहावे.