स्विस चार्ड बियांपासून लावताना

पुण्याकडे गच्चीत चार्ड, म्हणजे पालकासारखी पालेभाजी, लावणार असाल तर पाऊस ओसरू द्या. ऑक्टोबर ते डिसेंबर ही पेरणीची खरी वेळ. उन्हाळ्यात पानं चिवट होतात, तेव्हा घाई नको.

ज्याला आपण एक बी म्हणतो तो खरं तर सुकलेल्या फळांचा गुच्छ असतो, बीटासारखाच. एका दाण्यातून दोन-तीन, कधी चार रोपं वर येतात. त्यामुळे मूठभर बी टाकू नका. दाणे रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी एक-दीड सेंटिमीटर खोल, बोटभर अंतरावर टोका आणि झारीने हलकं पाणी द्या. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतील.

आता विरळणी. इथेच बहुतेकांचा जीव तुटतो, पण ती कराच. जादा रोपं उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. कात्रीने बुडाशी कापा. ती कोवळी पानं कोशिंबिरीत फार छान लागतात! शेवटी दोन रोपांत वीतभर जागा हवी. कुंडी निदान फूटभर खोल घ्या, माती-शेणखत भुसभुशीत ठेवा.

दीड-दोन महिन्यांनी बाहेरची पानं बुडापासून तोडायला लागा, मधला गाभा राखा. रोप महिनोन्महिने देत राहतं. पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती नागअळी. तेवढी पानं लगेच काढून टाका.

भाजी करताना देठ आधी परता, पानं नंतर घाला.