शिस्त सैल केली तर पोरगं हातचं जाईल?

ही काळजी घेऊन समुपदेशनासाठी येणारे वडील मला नेहमी भेटतात. भांडुपचे एक गृहस्थ त्यांतलेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. घरात साडेआठला जेवण, दहाला मोबाइल शोकेसवर, परीक्षेआधी क्रिकेट बंद. मुलगा सगळं पाळायचा. वडिलांशी बोलायचा मात्र नाही. "माज आलाय त्याला, मॅडम," ते म्हणाले.

हे नियम आले कुठून, असं विचारलं तेव्हा लालबागची चाळ निघाली. १९८२च्या गिरणी संपात त्यांच्या वडिलांचं काम गेलं ते गेलंच. आईने डबे करून घर चालवलं आणि या शाळकरी मुलाने स्वतःला घड्याळाला बांधून घेतलं. पुढे बँकेत लागले. त्या शिस्तीने त्यांना खरोखर तारलं होतं, म्हणून अशा माणसाला नुसतं हट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पण ज्या नियमाने एकदा तारलं, तोच डोळ्यांवर झापडंही बांधतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि सहकाऱ्यांचा १९८६ सालचा एक प्रयोग आहे. बटण कधी भराभर दाबल्यास गुण मिळत, कधी सावकाश दाबल्यास. ज्यांना एकाच पद्धतीची सूचना दिली होती, त्यांच्यातले बरेचजण गुण मिळेनासे झाले तरी तसंच दाबत राहिले. समोर काय घडतंय यापेक्षा सांगितलेलं पाळणं मोठं ठरलं.

मी त्यांना एकही नियम मोडायला सांगितला नाही. रोज रात्री मुलाबद्दल जे दिसलं, ऐकू आलं तेवढंच वहीत लिहायचं, मत नको. पहिलीच नोंद होती, 'उद्धटपणे उठला.'

"दिसलं काय?"

"ताट उचललं, सिंकमध्ये ठेवलं, आत गेला."

"यात उद्धटपणा कुठे दिसला?"

ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. आपण मुलाला पाहतच नव्हतो, नियमात बसतो की नाही एवढंच तपासत होतो, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. मला ते सांगावं लागलं नाही.

एरवी ते साडेदहाला झोपत. वहीसाठी जागले तेव्हा कळलं की, साडेअकराला मुलगा स्वयंपाकघरात आईशी भरभरून बोलतो, हसतो. 'एवढ्या रात्री काय चाललंय?' हे शब्द ओठांवर आले होते, तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. न बोलता ते स्टुलावर बसले. मुलगा गप्प झाला. काही रात्रींनंतर मात्र वडिलांसमोरही बोलू लागला, आणि बोलला तेही अवघड: सीए करायचं नाही, हॉटेल मॅनेजमेंट करायचंय.

वडील भडकले. तो वाद अजून मिटलेला नाही. पुढच्या आठवड्यात दोघं कॉलेजात चौकशीला जाणार आहेत. वडिलांनी रजा टाकली आहे, आणि तिथे प्रश्न विचारायचे ते मुलानेच, असं दोघांनी ठरवलंय.